मोटारीची फेड

गाडी घ्यायची की नाही यावरून त्यांच्या घरात एक दिवसही वाद झाला नाही. वाद झाला तो ती थांबवायची कशी यावरून, आणि तोही गाडी दारात येऊन दोन महिने झाल्यावर. म्हणजे शोरूमवाल्याने हसून हात हलवला, फोटो काढून झाले, आता परत करायची सोय उरली नाही, अशा अगदी योग्य वेळी. शहाणी माणसं वाद नेहमी असेच मुहूर्त बघून घालतात.

गाडी विजेची होती. वजन चोवीसशे किलो. हा आकडा छोटीच्या आईने गाडीच्या पुस्तिकेत वाचला तेव्हा ती छोटीला भरवत होती. चमचा हवेतच राहिला आणि छोटीने पंधरा सेकंद तोंड उघडं ठेवून वाट पाहिली. (कॉलनीत तिला सगळे छोटीची आईच म्हणत. स्वतःचं नाव तिला आता फक्त ऑफिसच्या पत्रव्यवहारात भेटे, आणि भेटलं की ओळखीचं वाटे.)

"चोवीसशे?" ती नवऱ्याला म्हणाली. "अरे, आधीची आपली गाडी नऊशेची होती."

"बॅटरीचं वजन आहे ते," नवरा म्हणाला. जणू बॅटरीचं वजन उतारावर खाली उतरून पायी चालणार होतं.

आता उताराचं सांगायला हवं. कॉलनी टेकडीच्या माथ्यावर. खाली जायला एकच रस्ता, दीड किलोमीटरचा, चार वळणांचा आणि असा तिरपा, की वरून सुटलेला चेंडू आणायला मुलं जात नसत, दुसरा विकत आणत. उतार संपला की थोडा सपाट रस्ता, त्याच्या टोकाला पाळणाघर आणि पाळणाघराच्या पुढे तिचं ऑफिस. सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. नवरा सात वाजताच कंपनीच्या बसने जाई. म्हणजे सोमवारपासून रोज सकाळी नऊला छोटीला मागच्या सीटवर बांधून हे चोवीसशे किलोंचं धूड तिलाच खाली उतरवायचं होतं. साहेबांना तिने आणखी एक महिना रजा मागून पाहिली होती. साहेब म्हणाले, "या, नाहीतर तसं कळवा." या वाक्यातल्या 'तसं'चा अर्थ तिला कळायला वेळ लागला नाही.

तेव्हा प्रश्न सरळ होता. सोमवारी ब्रेकवर पाय ठेवायचा, की नोकरीवर पाणी सोडायचं?

छोटी झोपली की ती वाचायला बसे. शिकलेल्या बाईला काळजी लागली की ती रडत नाही, संदर्भ जमवते. चार दिवसांत तिला दोन गोष्टी कळल्या. एक, विजेच्या गाडीला रोजच्या वापरात ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत; पाय उचलला की मोटरच उलटं काम करते, वेग खाते आणि त्याची वीज करून बॅटरीत भरते. दोन, बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ही नवी वीज ठेवायला जागाच नसते, मग मोटर हात वर करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. जड गाडीचे ब्रेक असे पुन्हा पुन्हा जोरात दाबले की तापतात, आणि तापले की त्यांचा जोर ओसरतो. याला मोटारींच्या भाषेत 'ब्रेक फेड' म्हणतात.

आणि तिचा नवरा गाडी रोज शंभर टक्के चार्ज करत असे. नव्याण्णव टक्क्यांना तो बायकोशी नीट बोलतही नसे. शंभर झाले की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, ते छोटीच्या जन्माच्या फोटोतही दिसत नाही.

"पोट तुडुंब भरलेल्या माणसाला आणखी वाढलं तर तो काय करेल?" तिने त्याला समजावलं.

"आग्रह केला तर खाईल."

"बॅटरी पाहुणी नाहीये!"

"तू ना, भित्री भागूबाई आहेस," तो प्रेमाने म्हणाला. नवरे प्रेमाने म्हणतात ती वाक्यं बायका वर्षानुवर्षं जपून ठेवतात. कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही.

तिने शोरूमला फोन लावला.

"तक्रार काय आहे, मॅडम?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"तक्रार नाही. शंका आहे. ब्रेक लागोपाठ दहा वेळा जोरात दाबले तर काय होईल?"

बराच वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. "मॅडम, शंकेला कोड नाही. आवाज, कंप, गळती किंवा इतर."

"मग इतर."

"इतरला साहेबांची सही लागते आणि साहेब मंगळवारी येतात. मी आवाज टाकते."

तेव्हा आवाजाचा मेकॅनिक आला. प्रामाणिक माणूस. त्याने बोनेटला कान लावला, दाराला लावला, मागे जाऊन डिकीला लावला. अर्ध्या तासाने तो अपराध्यासारखा म्हणाला, "मॅडम, या गाडीला आवाजच नसतो." संध्याकाळी तिला संदेश आला: 'आपल्या आवाजाचे यशस्वीरीत्या निराकरण झाले आहे.' नवऱ्याने तो दोनदा मोठ्याने वाचला.

आता सल्ला देणारे पुढे सरसावले. कॉलनीत नळ गळू लागला तर तीन माणसं येतात, इथे तर ब्रेकचा प्रश्न होता. पण त्यांत एकच माणूस कामाचा निघाला. खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका. तीस वर्षं घाटातून बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि अजूनही खुर्चीत बसले की डावा पाय क्लच शोधत असे.

"ब्रेक म्हणजे शेजारी असतो, पोरी," ते म्हणाले. "ऊठसूट हाका मारल्यास तर एक दिवस दार उघडायचा नाही. आणि वर्षभर हाकच मारली नाहीस तर ओळख विसरेल. तुला भीती वाटते ना? मग बघून घ्यायचं. गाडी माणसांनी भरायची, वजन हवं, मग उतारावर घालायची, दहा वेळा कचकन दाबायचा. काय व्हायचं ते रविवारी होऊन जाऊ दे, म्हणजे सोमवारी होणार नाही."

तिला हे पटलं. जन्मात पहिल्यांदा तिची काळजी ही काळजी न राहता कार्यक्रम झाली होती. तिने कॉलनीच्या सेक्रेटरींना रीतसर अर्ज लिहिला: 'विषय: ब्रेक-फेड चाचणीसाठी उताराचा रस्ता रविवारी सकाळी आठ ते नऊ मोकळा मिळणेबाबत.'

इथे घोटाळा झाला. सेक्रेटरी हे सावध गृहस्थ. 'ब्रेक' हा शब्द सूचनाफलकावर बरा दिसत नाही, लोक उगाच घाबरतात, असं म्हणून त्यांनी तो काढला. 'चाचणी' म्हटलं की कोणी वर्गणी मागेल अशी शंका येते म्हणून तीही काढली. उरलेली सूचना शनिवारी सकाळी फलकावर लागली ती अशी:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, घर क्र. सात यांच्या मोटारीची फेड रविवारी सकाळी आठ वाजता उतारावर होणार आहे. रस्ता बंद राहील. तरी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.'

शेवटचं वाक्य त्यांच्या प्रत्येक सूचनेत असे. टाकी धुण्याच्या सूचनेतही होतं.

दुपारपर्यंत अर्ध्या कॉलनीने तिचं अभिनंदन केलं. "दोन महिन्यांत फेडली? कमाल आहे हो!" म्हणताना त्यांच्या भुवया मात्र वेगळंच विचारत होत्या. ती प्रत्येकाला थांबवून "अहो, ती फेड नव्हे, ब्रेक तापले की होते ती फेड" असं सांगे, आणि समोरचा "असं होय," म्हणून डोळा बारीक करी. खरं सांगायचं नसलं की माणसं काय काय सांगतात, हे कॉलनीला ठाऊक होतं.

सासूबाईंनी वाचलं ते आणखी निराळं. त्यांचा मुलगा आईचे पांग फेडणार, आणि तेही चारचौघांत, मोटारीतून फिरवून, रस्ता बंद करून! त्यांनी ठेवणीतले कपडे काढले. "मी म्हणत होते ना, माझा लेक बोलत नाही, पण करतो," असं त्या भिंतीकडे बघून तीनदा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता कोणाच्या तोंडून निघणार की आई, तुम्हाला न्यायचंय ते वजन म्हणून?

शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने, जिला मागून सगळे व्याकरणबाई म्हणत, लाल पेनने फलकावरच लिहिलं: 'कशाची फेड? कर्म स्पष्ट करा.' मग छोटीच्या आईला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "फेडणे या क्रियापदाचा एक जुना अर्थ कपड्यांशी संबंधित आहे. तो उद्या सकाळी कोणाला आठवू नये, एवढीच माझी इच्छा आहे."

रविवारी आठला उताराच्या तोंडाशी तीसेक माणसं. तिघांच्या हातांत पुष्पगुच्छ. गाडी शंभर टक्के भरलेली. नवऱ्याने रात्रीच लावून ठेवली होती आणि या वेळी ती मुद्दाम काही बोलली नव्हती. छोटीला व्याकरणबाईंनी कडेवर घेतलं आणि लगेच तिचा 'बा' हा उच्चार सुधारायला घेतला. स्टिअरिंगवर छोटीची आई. शेजारी ड्रायव्हरकाका. मागे नवरा, मधे सासूबाई आणि पलीकडे सेक्रेटरी, "रस्ता आम्ही बंद केला आहे, तेव्हा आमचा प्रतिनिधी आत हवा," असं म्हणून स्वतःच प्रतिनिधी झालेले, मांडीवर सगळ्यात मोठा गुच्छ घेऊन.

गाडी सुरू झाली तशी समोर एक पिवळी ओळ उमटली: 'बॅटरी पूर्ण भरलेली. मोटरचा ब्रेक मर्यादित.'

"बघ, किती सविस्तर कळवते," नवरा अभिमानाने म्हणाला.

"पंचेचाळीसचा वेग घे," काका म्हणाले. "तिसऱ्या खांबाला दाब. आता!"

तिने दाबला. गाडी जागच्या जागी बसली, सेक्रेटरींचं नाक गुच्छात गेलं, आणि सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई!" असं जे निघालं ते भीतीचं नव्हतं. जत्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदाच बसलेल्या माणसाचं होतं.

"एक," काका म्हणाले.

"झालं ना समाधान?" नवरा म्हणाला. "उत्तम थांबली. हे बघ, याच्यामागचं तंत्रज्ञान असं आहे की..."

"दोन!"

"...की प्रत्येक चाकाला स्वतंत्र..."

"तीन!"

चौथ्याला त्याचं तंत्रज्ञान संपलं. पाचव्याला सेक्रेटरींच्या गुच्छात फुलं कमी आणि सेक्रेटरी जास्त अशी स्थिती आली. सहाव्याला सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, अजून जोरात येत नाही का गं?" सातव्याला एक वास आला. जळक्या लोखंडाचा, कुठेतरी इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा.

"आला," काका नाक वर करून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. जुना मित्र फलाटावर दिसावा तसा. "ओळखला मी. घाटात रोज यायचा."

आठव्याला पेडल आधीपेक्षा खोल गेलं आणि गाडी एक खांब पुढे जाऊन थांबली. नवव्याला पेडल पावसाळ्यातल्या गादीसारखं लागलं. तिने दाबलं, आणखी दाबलं, आणि गाडी थांबायचं मनावर घेत नव्हती. नुसती विचार करत करत उतरत होती.

गंमत अशी की चार दिवस जिचा जीव टांगणीला लागला होता ती या क्षणी पूर्ण शांत होती. कारण हे सगळं तिने आधीच भिऊन ठेवलं होतं. शेवटचं वळण गेलं होतं. पुढे सपाट रस्ता, मोकळा, आणि टोकाला पाळणाघराचं अंगण, तेही जरा चढावर. तिने ते शुक्रवारी छोटीची ढकलगाडी घेऊन पावलांनी मोजलं होतं.

बाकीच्यांनी मात्र काही मोजलं नव्हतं.

"हँडब्रेक!" काका ओरडले आणि सवयीने दोन सीटांच्या मध्ये हात घालून जे हाती लागलं ते सगळा जोर लावून वर ओढलं. ती छोटीची दुधाची बाटली होती. बूच उडालं. "आला! हातात आला!" काका किंचाळले, आणि तीस वर्षांत प्रथमच त्यांचा धीर सुटला.

"थांबव! अगं थांबव!" नवरा ओरडत होता. "माझंच चुकलं! मी लिहून देतो!"

"आधी अर्ज करावा लागेल," सेक्रेटरी देठांच्या आडून पुटपुटले. संकटात माणसाच्या तोंडी त्याचं दैवतच येतं.

"लेका," सासूबाई त्याचा हात धरून म्हणाल्या, "पांग फिटले रे. आता पुरे."

तीस. वीस. सपाट रस्त्याने निम्मा वेग खाल्ला, चढाने उरलेला. पाळणाघराच्या उघड्या फाटकातून गाडी आत गेली, अंगणात हळूहळू येत कुंपणाच्या मेंदीला नाक टेकून उभी राहिली. चारही चाकांतून बारीक धूर निघत होता. पाळणाघराच्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी आत डोकावलं. एक दुधाने भिजलेले म्हातारे, एक डोळे मिटलेला तरुण, एक हसणाऱ्या आजी आणि हातात नुसते देठ धरलेले एक गृहस्थ.

"आज रविवार आहे," बाई म्हणाल्या. "आणि मोठ्यांना आम्ही घेत नाही."

चाकं निवायला तास गेला. सगळे चढ पायी चढून घरी गेले. गाडीत बसायला कोणी तयार होईना. तिने एकटीने ती वर आणली. वर आल्यावर आकडा होता ब्याण्णव.

"ऐंशीवर आण," तिने नवऱ्याला सांगितलं. "ऐंशीच्या वर एक टक्का नाही. आजपासून कायम."

"कशी आणू? फिरवून?"

"नको. उतरव."

तेव्हा तो बिचारा दुपारभर उभ्या गाडीत एसी लावून बसला. एकदा थंड, एकदा गरम, सीटची शेगडी चालू, दिवे चालू, वायपरसुद्धा. स्वतःच्या हाताने भरलेला एकेक टक्का तो स्वतःच्या डोळ्यांदेखत जाताना बघत होता. ब्याऐंशीला त्याने खिडकीतून केविलवाणं पाहिलं. "ब्याऐंशी चालेल?" नाही चालणार, असं तिने खिडकीतूनच मान हलवून सांगितलं.

संध्याकाळी ऐंशी टक्क्यांवर ती एकटी उतरली. माथ्यावर पाय उचलला, आणि मोटरने गाडीला मागून पदर धरल्यासारखं धरलं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, चौथं. पाय ब्रेकच्या वर तरंगत राहिला, टेकला नाही. तिने गाडी वळवली, वर आली, पुन्हा उतरली. तिसऱ्या फेरीला ती मोठ्याने हसत होती, आणि गाडीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

सोमवारी नऊला ती छोटीला बांधून निघाली तर फलकावर नवी सूचना: 'नऊ ते सव्वानऊ उतारावर कोणीही उभे राहू नये. उपस्थिती प्रार्थनीय आहे.' आणि अख्खी कॉलनी उतारावर उभी. प्रत्येकाच्या हातात वीट. कोणी दोन आणल्या होत्या. तिची चार दिवसांची सगळी काळजी आता लोकांनी आपसांत वाटून घेतली होती, आणि तिच्याकडे काहीच शिल्लक नव्हती.

"चाकाखाली टाकू का गं?" पहिल्या वळणावर ड्रायव्हरकाका कुजबुजले.

"नको, काका. बॅटरी ऐंशी आहे."

"ऐंशी आहे, ऐंशी आहे," ओळीने निरोप खाली गेला. सेक्रेटरींपर्यंत पोचेतो तो "ऐंशीचा वेग आहे" असा झाला असावा, कारण ते वीट टाकून कुंपणावरून पलीकडे गेले.

"'ऐंशी टक्के' म्हणा!" व्याकरणबाई त्यांच्या मागून ओरडल्या. "नुसतं विशेषण हवेत सोडू नये!"

आणि गाडीच्या पुढे, ताशी बारा किलोमीटरने, नवरा धावत होता. त्याने चक्क रजा टाकली होती. एक हात वर, वाहतूक पोलिसासारखा, आणि "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असं तो रिकाम्या रस्त्याला सांगत होता. दुसऱ्या वळणावर त्याचा हात खाली आला. तिसऱ्यावर तो स्वतःच खाली आला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर, भात्यासारखा धापा टाकत.

तिने पाय उचलला. गाडी त्याच्याशेजारी अलगद थांबली. तिने काच खाली केली.

"बसतोस?"

"ब्रेक..." त्याला पुढे बोलवेना. "ब्रेक कसे आहेत?"

"माहीत नाही. अजून लावलेच नाहीत."

तो मागे छोटीशेजारी बसला, पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला आणि वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. छोटीने त्याच्याकडे एकदा टक लावून पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या विटांना टाटा केला. गाडीत तिघं होते. त्यांतल्या दोघी निर्धास्त होत्या, आणि सुदैवाने गाडी त्यांच्यातलीच एक चालवत होती.